संकटाआधीची वर्षे



फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ख्रिस्तसभा संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण करते. ते वसईचे सुपुत्र आणि वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण सगळेच त्यांना ओळखतो. त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुधा नागासाकीच्या टेकडीवरील क्रुसापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. आज त्याआधीच्या पंचवीस वर्षांकडे जरा पाहू या.

१५५६ च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि मिसरूडही फुटले नव्हते अशा वयात त्यांच्यासोबत जपानला गेले. तिथली भाषा आत्मसात करून सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. आपल्याला येशूसंघात घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. ज्या दारात तारुण्य घालवले ते दार उघडले नाही. मग गोन्सालो व्यापारी झाले. धंदा चांगला चालला, पण मन त्यात रमले नाही. पुढे मनिलामध्ये ते फ्रान्सिस्कन संघात सामील झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे व्रतस्थ बंधू म्हणून.

१५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे शिष्टाई करायला निघाले, तेव्हा त्यांना दुभाष्याची गरज होती. जपानी भाषा आणि तिथली रीतभात जाणणारा माणूस संघात आधीच होता. नाकारले गेलेल्या आठ वर्षांत शिकलेली भाषा अशी कामी आली. ती शिकत असताना गोन्सालोंना याची कल्पनाही नव्हती.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. मिशनऱ्यांनी देश सोडावा असे फर्मान १५८७ मध्येच निघाले होते. १५९६ च्या अखेरीस धरपकड झाली. क्योतोमध्ये कैद्यांचे डावे कान कापण्यात आले आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत बारा वर्षांचा लुईस नावाचा मुलगाही होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले, म्हणजे तब्बल २६५ वर्षांनी.

आता आपला प्रश्न. दुःखाने माणूस मोठा होतो असे आपण सहज म्हणतो. मयतीच्या घरी तर आम्ही धर्मगुरूही ते फार लवकर म्हणतो. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले, घरातले धान्य भिजले, संसार चिखलात गेले. अशा घरातल्या माउलीला ‘देवाने तुमची परीक्षा घेतली’ असे सांगणे सोपे आहे, पण ते शुभवर्तमान नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने दोषाचा हिशेब मांडायचेच नाकारले (योहान ९). आणि अनुभव काय सांगतो? एकाच पुरातून, एकाच कर्जातून, एकाच आजारपणातून एक माणूस मवाळ होऊन बाहेर येतो, तर दुसरा कडवट होऊन. संकट दोघांवर सारखेच येते, मग फरक कुठे पडतो?

याचे उत्तर आपल्या शेतात आहे. सध्या हळदीचा हंगाम आहे, जागोजाग कुकर पेटले आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. हळद उकळली की तिचा रंग सगळ्या गड्ड्यात सारखा पसरतो, ती लवकर वाळते, टिकते. पण उकळण्याने रंग तयार होत नाही. तो जूनपासूनच्या आठ-नऊ महिन्यांत, जमिनीखाली, कोणाला दिसत नसताना भरतो. दिवस पूर्ण होण्याआधीच काढलेली हळद कितीही शिजवा, ती सुरकुतते आणि वजनालाही मार खाते. शिवाय जास्त उकळली तर चांगली हळदही बिघडते, हे तुम्ही आमच्यापेक्षा अधिक जाणता. म्हणून कोणाला किती सोसवेल हे बाहेरच्याने ठरवू नये.

बेन सिराखच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात, प्रभूच्या सेवेला येणाऱ्याने कसोटीसाठी मनाची तयारी करावी असा उपदेश आहे. ही तयारी कसोटीच्या दिवशी करायची नसते, आधीपासून करायची असते. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्गुणाचा विचार करताना म्हटले आहे की, चाल करून जाण्यापेक्षा जागेवर टिकून राहणे हेच धैर्याचे मुख्य कार्य. सेमिनरीत हे शिकलो तेव्हा ते आम्हाला थोडे निरस वाटले होते. आता नापिकीची वर्षे काढलेली कुटुंबे पाहतो तेव्हा तसे वाटत नाही. टिकून राहणे ही सवय आहे, आणि सवय एका दिवसात लागत नाही. अर्थात कृपेला मुहूर्त लागत नाही. उजवीकडच्या चोराला शेवटच्या घटकेतही स्वर्ग मिळाला. पण त्याच्या भरवशावर आज संध्याकाळची प्रार्थना टाळण्यात शहाणपण नाही.

राखेचा बुधवार जवळ आला आहे. त्याआधी प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून एक गोष्ट ठरवावी, एकच. दिवसभर हळद वेचून अंग मोडलेले असतानाही रोजरीची निदान एक दहाकी म्हणायची, किंवा बांधावरून अबोला धरलेल्या भावाच्या घरी आपण होऊन जायचे. मांसाहार सोडणे चांगलेच, पण अबोला सोडणे त्याहून जड जाते.

आपल्यात काही जण असे आहेत, ज्यांच्या वाट्याला सध्या नकारच आला आहे. भरतीत दोनदा नापास झालेला मुलगा, स्थळे येऊन परत गेलेली मुलगी, व्रतस्थ जीवनाची ओढ असूनही प्रकृतीमुळे परत यावे लागलेली भगिनी. त्यांनी यंदा संत गोन्सालो यांच्याकडे आवर्जून मध्यस्थी मागावी. बंद दारापुढे उभे राहणे कसे असते, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.