पेढे परत घेऊन जा

पेढे तिथे टेबलावर ठेव आणि आधी बस. पाया पडू नकोस. हात दाखव. तो नव्हे, पट्टीचा. सात टाके पडले म्हणतोस, आणि बोटं वाचली म्हणून अर्धा किलो पेढे. एखादं गेलं असतं तर पाव किलो आणणार होतास का?

हसण्यासारखं मी काही बोललो नाही.

तुझा पराक्रम तू सांगायच्या आधीच मला आर्णीच्या बसस्थानकावर कळला. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला रंगवून सांगत होता, "ड्रोन उलटून रायला होता, पोट्टं पयत गेलं अन् हातानंच धरलं. लाखाची मशीन वाचवली ना बावा!" मास्तरांची छाती फुगेल असं त्या बिचाऱ्यांना वाटलं असणार. मी चहा अर्धा टाकून निघालो. दहावीपर्यंत तुला विज्ञान मीच शिकवलंय, हे त्या घोळक्यात कुणाला आठवू नये एवढीच माझी इच्छा होती.

आता मी विचारतो आणि तू उत्तर दे. ड्रोन वावरात आणला कशासाठी? वेळ वाचतो, पाणी कमी लागतं, मजूर मिळत नाहीत. हे सगळं खरं, पण हे दुसऱ्या नंबरचं उत्तर आहे. पहिल्या नंबरचं तुझ्याच जिल्ह्यात घडलंय आणि तू ते विसरलास.

2017 चा पावसाळा आठव. पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. पाठीवर पंप बांधून माणसं तिच्या ओळींत शिरायची आणि फवारा नाकातोंडाच्या उंचीवर यायचा. तोंडाला धड फडकं नाही, हातात मोजे नाहीत, एका औषधात दुसरं औषध मिसळलेलं. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पडून होते, त्यातल्या काहींना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. बाटलीवरच्या बारीक अक्षरांतल्या सूचना कुणी वाचल्या नव्हत्या, आणि ज्यांनी वाचून दाखवायच्या त्यांनी दाखवल्या नव्हत्या. विष आणि माणूस यांच्यात अंतर हवं, एवढी एक गोष्ट या जिल्ह्याने माणसं गमावून शिकून घेतली. ते अंतर म्हणजे तुझा ड्रोन. माणूस धुऱ्यावर, विष वावरात. आणि तू काय केलंस? ज्या यंत्रामुळे लांब उभं राहता येतं, त्याच यंत्राकडे तू पळत गेलास.

"सर, तो कलंडत होता." होय, कलंडत होता. काहून कलंडत होता ते सांग. पांदणीवर सपाट जागा असताना तू धुऱ्याच्या उतारावर उतरवलास, कारण पांदणीपर्यंत शंभर पावलं टाकी वाहून न्यावी लागली असती. एक पाय वर, एक पाय खाली. यंत्राच्या मेंदूला धुरा माहीत नाही, वावर माहीत नाही, तू तर मुळीच माहीत नाहीस. आपण वाकडे झालोय एवढंच त्याला कळतं. अजून हवेतच आहोत असं समजून ते स्वतःला सरळ करायला खालच्या बाजूच्या पंख्यांना जोर देतं. तू त्याच वेळी दांडा धरून ओढलास. तुझं ओढणं त्याने वाऱ्याचा झोत समजून आणखी जोर लावला. तू त्याला वाचवत होतास, ते तुझ्याशी झुंजत होतं. त्या झुंजीत पातं कुणाचं आणि बोट कुणाचं, हे ठरायला वेळ लागत नाही.

किती वेळ लागतो ते काढू. तो खडू घे. डाव्या हाताने लिही, उजव्याची सोय तू करून ठेवलीच आहेस. पातं टोकापासून टोकापर्यंत 23 इंच, म्हणजे 58 सेंटिमीटर. एका फेऱ्यात टोक किती फिरतं? गुणिले 3.14. एक मीटर 82 सेंटिमीटर. मिनिटाला 3000 फेरे धर, म्हणजे सेकंदाला 50. टोकाचा वेग सेकंदाला 91 मीटर, ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. नागपूर-तुळजापूर रस्त्यावर ताशी शंभरने जाणाऱ्या गाडीपुढे तू बोट धरशील का? इथे तिप्पट वेगापुढे धरलंस. आता पुढचं. एका पंख्याला पाती दोन, म्हणजे एकाच जागेवरून सेकंदाला शंभर पाती जातात. चटका बसला हे कळून हात मागे यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात किती पाती? वीस. "मी पटकन हात काढून घेतो" असं लग्नाच्या मांडवात सांगत फिरायचास ना? वीस वेळा कापल्यावर काढून घेतोस तू.

आणि खरं दुखणं मांडवातलंच आहे. तुझा पहिला ड्रोन तळहाताएवढा, कॅमेऱ्याचा. नवरदेवाच्या वरातीवर उडवायचास आणि शेवटी हात वर करून अलगद झेलायचास. पोरी बघायच्या, पोरं शिट्ट्या मारायची, तुझा व्हिडिओ निघायचा. तेव्हाच तुला हटकलं होतं. तू काय म्हणालास? "सर, काई होत नाई, मले सवय आहे." नीट ऐक. शंभर वेळा न कापणं ही सवय असेल, कसब नव्हे. कसब ते, ज्यात एकशे एकाव्या वेळीही कापायची शक्यता तू आधीच काढून टाकलेली असते. ती झेलायची खोड तू पाव किलोच्या खेळण्यावरून उचललीस आणि रिकाम्या टाकीसहही उचलताना दम लागतो अशा सहा पंख्यांच्या यंत्रावर नेलीस. आकार वाढला, वजन वाढलं, पाती वाढली. तुझी अक्कल तेवढी होती तिथेच राहिली.

नामवंतांनाही हा मोह सुटलेला नाही. एनरिके इग्लेसियस नावाचा जगभर गाजलेला गायक आहे. मे 2015 मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गाताना तो दर वेळेसारखा व्यासपीठावरचा ड्रोन हाताने पकडायला गेला, प्रेक्षकांना कॅमेऱ्यातून दाखवायला. बोटं कापली, नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. हजारो लोक टाळ्या वाजवत होते. पात्यांना टाळ्या ऐकू येत नाहीत. आपल्याकडे बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यातल्या उर्सात केवढी गर्दी लोटते, ते तुला माहीत आहे. त्या गर्दीवर ड्रोन नेऊन हातावर झेलायचा बेत तू मागे मलाच सांगितला होतास. तो बेत आज या टेबलावर मोडून जायचा.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये काय झालं तेही ऐक, कारण ते तुझ्या गोष्टीला जास्त जवळचं आहे. एका कुटुंबाच्या ओळखीतला, हात बसलेला माणूस घरापुढे ड्रोन उतरवत होता. पातं झाडाला लागलं, यंत्र गिरकी घेऊन बाजूला फेकलं गेलं. तिथे नुकतं चालायला लागलेलं एक लेकरू होतं. त्याचा एक डोळा कायमचा गेला. उडवणारा नवशिका नव्हता. ते सगळं एका मिनिटाच्या आत आटोपलं.

तुला वाटतं, ड्रोन नवा म्हणून त्याचे धडे नवे. अरे, हा धडा आपल्या बापजाद्यांनी थ्रेशरवर गिरवलाय. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या बापाचा हात मनगटापासून गेला होता. सोयाबीन अडकलं, मशीन बंद न करता आत ढकलायला गेला. "दहा वर्षं मशीनवर हाय मी" हे त्याचंही वाक्य होतं. थ्रेशरने देशभर इतके हात नेले की 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदाच करावा लागला. कायदा आला, तरी चालत्या यंत्रात हात घालायची खुमखुमी कायद्याने जात नाही. ती मास्तरांनी घालवायची असते. तुझ्या बाबतीत मी कमी पडलो, ते आज भरून काढतोय.

आता घाईचा हिशेब. ड्रोन टेकल्यावर पंखे पूर्ण थांबायला किती वेळ? दहा सेकंद धर. दिवसाला उतरवतोस किती वेळा? वीस. वीस गुणिले दहा, 200 सेकंद. तीन मिनिटं आणि वीस सेकंद. दिवसभर जीव धोक्यात घालून तू एवढी कमाई केलीस. चहा थंड व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो.

लिहून घे. डाव्याच हाताने.

उतरायची जागा उडायच्या आधी ठरवायची. सपाट, कोरडी, वर तार नाही, जवळ बाभूळ नाही. अशी जागा नसेल तर ताडपत्री टाकून करायची, नाहीतर त्या वावरात उडवायचं नाही. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे.

पात्यांवर रोज सकाळी नख फिरवायचं. तडा, टवका, ढिला नट दिसला तर पातं बदलायचं. चिकटवलेलं पातं म्हणजे सुटायच्या तयारीत असलेला सुरा. उजवं पातं डाव्या मोटरवर चढलं तर उडतानाच यंत्र लोळण घेईल, म्हणून खूण बघूनच बसवायचं. घरात मोटर तपासायची असेल तर आधी पाती काढायची. बॅटरी जोडली की यंत्र जागं झालं असं समजायचं, पंखा फिरत असो वा नसो.

अंगावर लोंबणारं काही नको. तुझ्या गळ्यातला तो दुपट्टा घरी राहील. गावोगावच्या बचत गटांतल्या बायांसाठी ड्रोन दीदीची योजना निघाली, तिच्यात पंधरा दिवसांचं शिक्षण ठेवलंय. पदर खोचून, आरोळी देऊन, माणसं मागे सारून मगच जी बाई बटण दाबते, तिच्याकडे जाऊन एक दिवस नुसता उभा राहा. तिच्यापुढे तू अंगणवाडीतला आहेस.

कलंडत असेल तर कलंडू दे. ही ओळ दोनदा लिही. थ्रॉटल खाली, मोटर बंद, तू जागेवर. पाती तुटतील, दांडा तुटेल. दुकानात मिळतो. पंखे थांबले, रिमोटवर मोटर बंद झाल्याची खात्री केली, मनात दहा मोजले, मग पुढे जायचं आणि पहिलं काम बॅटरी काढायची. औषध भरणं त्यानंतर.

आणि एवढं करूनही लागलंच, तर काल केलास तसा हळद भरून गमछा गुंडाळायचा नाही. त्या पात्यांवर दिवसभर औषधाचे तुषार उडालेले असतात. स्वच्छ पाण्याने धुवायचं, दाबून धरायचं, हात वर ठेवायचा, आणि डॉक्टरला औषधाचं नाव सांगायचं. बोटाचा तुकडा पडलाच तर ओल्या स्वच्छ कापडात, मग पिशवीत, ती पिशवी बर्फात. बर्फ तुकड्याला लावायचा नाही. यवतमाळ इथून चाळीसेक किलोमीटर आहे, वेळ शोधाशोधीत घालवायला नाही.

अपघात कळवलास का? 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 48 तासांच्या आत डिजिटल स्कायवर कळवायचा असतो. चेहराच सांगतो, नाही कळवला. परवाना खिशात घालून मिरवायला दिला नव्हता. आजच कळव.

एक गोष्ट राहिली. मुद्दाम शेवटी ठेवली होती.

तू पळत गेलास तेव्हा तुझ्या मागे कोण होतं? टपरीवरच्या माणसाने तेही सांगितलं, कौतुकानेच. वावराच्या मालकाचं आठ वर्षांचं पोर. ड्रोन बघायला शाळा बुडवून आलेलं. तू पळालास, तेही पळालं, मोठी माणसं जिकडे पळतात तिकडे लेकरं पळतात. पातं तुझ्या बोटांवर आपटून थांबलं. नसतं थांबलं तर पुढे चार हातांवर ते पोर होतं. चार हात, मोजून घेतलंय मी. तू पंधरा मीटरच्या आत चिटपाखरू येऊ द्यायचं नव्हतंस.

म्हणून हे पेढे मी खाणार नाही. पुडी उचल आणि आत्ताच त्या गावात जा. पोराच्या आईच्या हातात दे. पेढे कशाचे असं ती विचारेल, तेव्हा "बोटं वाचली" असं सांगू नकोस. पोर कुठे उभं होतं आणि ड्रोन कुठे होता, ते तिच्या अंगणात पावलांनी मोजून दाखव. ती जे बोलेल ते खाली मान घालून ऐकून घे. माझी बोलणी त्यापुढे काहीच नाहीत.

येताना दुकानातून पंधरा मीटर दोरी आण. उद्या सकाळी मी मोजणार आहे.