मुशीत विरलेली वंशावळ

जुलै १६९९ मध्ये कॅप्टन विल्यम किड बॉस्टनमध्ये पकडला गेला. चाचेगिरीचा माल शोधायला गव्हर्नर लॉर्ड बेलोमाँटच्या माणसांनी त्याच्या बिऱ्हाडाची झडती घेतली, तेव्हा एक पेटीही जप्त झाली. पेटीत चांदीचा टँकार्ड होता, म्हणजे कान आणि झाकण असलेला बिअरचा मोठा पेला. शिवाय एक मग, एक कानाची वाटी, चमचे, काटे आणि आठ रेआलांची २६० स्पॅनिश नाणी. किडची बायको सारा हिने अर्ज केला : भांडी माझी आहेत, मी ती न्यूयॉर्कहून आणली, कित्येक वर्षं ती माझ्याच ताब्यात आहेत. अर्जाखाली सहीच्या जागी तिच्या नावाची नुसती आद्याक्षरं आहेत.

सारा खोटं बोलत होती असं मानायला मला काही आधार दिसत नाही. किडच्या आधी तिची दोन लग्नं झाली होती. पहिला नवरा न्यूयॉर्कमधला सधन व्यापारी. अशा घरात चांदी असणारच. पण तिची भांडी आणि नवऱ्याने मलबारच्या समुद्रात लुटलेला माल एकाच झडतीत सापडला, आणि यातलं कुठलं कुणाचं हे नुसत्या धातूवरून कुणालाच सांगता येत नव्हतं. ते सांगायला माणसं लागतात, त्यांची नाती लागतात. वसाहतकाळातल्या अमेरिकन चांदीच्या चोऱ्यांचा विचार करताना मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : ज्याची नाती नोंदलेली, त्याचीच चांदी चोरीला गेली असं इतिहास म्हणतो.

तेव्हाच्या बॉस्टनमध्ये बँक नव्हती. हाती आलेली स्पॅनिश नाणी घरात ठेवली आणि चोरीला गेली, तर एक नाणं दुसऱ्यासारखंच, ओळखायचं कसं? म्हणून लोक ती सोनाराकडे नेत, मुशीत वितळवून पेले-टँकार्ड करून घेत. लंडनसारखी अधिकृत कस लावून छाप मारण्याची सोय वसाहतीत नव्हती. फिलाडेल्फियातून १७६७ मध्ये तशी मागणी झाली, तीही फळाला आली नाही. भांड्यावर असे तो सोनाराच्या आद्याक्षरांचा ठसा, आणि मालकाची अक्षरं. ही मालकाची अक्षरं पाहण्यासारखी असतात. बहुधा तीन, त्रिकोणात मांडलेली : वर आडनावाचं, खाली डावीकडे नवऱ्याचं, उजवीकडे बायकोचं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे त्या तीन अक्षरांवर घरची सगळी शिल्लक विसंबलेली असे. चोरी झाली की वर्तमानपत्रात जाहिरात यायची : अमुक अक्षरांचा टँकार्ड गेला आहे, कुणी विकायला आणला तर सोनारांनी अडवून ठेवावा.

ही व्यवस्था चोरालाही पक्की ठाऊक असे. लेव्ही एम्स हा असाच एक घरफोड्या. २१ ऑक्टोबर १७७३ रोजी बॉस्टनमध्ये तो फासावर गेला, तेव्हा त्याचं वय जेमतेम एकवीस. त्याचा अखेरचा जबाब छापून विकला गेला. त्यात घरोघरच्या चोऱ्यांची जंत्री आहे, आणि लेक्सिंग्टनचे पाद्री जोनास क्लार्क यांच्या घरच्या चांदीचाही उल्लेख आहे. त्या घराचे धागे ओढत गेलं तर केवढं गाव उभं राहतं! क्लार्कबाई ल्यूसी ही जुने पाद्री जॉन हँकॉक यांची नात; म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या जॉन हँकॉकची आतेबहीण. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री हँकॉक याच घरी मुक्कामाला होता, आणि ब्रिटिश सैन्य निघाल्याची खबर घेऊन दौडत आला तो पॉल रिव्हिअर, पेशाने सोनार. अशा घरातला चमचा हरवला तरी तो अडीचशे वर्षांनी शोधता येतो. चर्चच्या नोंदी आहेत, मृत्युपत्रं आहेत, वंशावळी छापलेल्या आहेत.

आता किडकडे परत जाऊ. त्याचा माल ताब्यात घेऊन मोजायला जी समिती नेमली गेली, तिच्यात सॅम्युएल स्युअल होते आणि जेरेमाया डमर होते. स्युअल हे जॉन हलचे जावई. १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सची टांकसाळ ज्यांनी चालवायला घेतली, ते हल. डमर हे त्याच हलच्या हाताखाली शिकलेले सोनार. डमरची बायको आणि नावाजलेले सोनार जॉन कोनी यांची बायको सख्ख्या बहिणी. न्यायाधीश, व्यापारी, टांकसाळ, सोनार ही सगळी मंडळी आपसात सोयरी. त्यांनी माल चोख मोजला : ११११ औंस सोनं, २३५३ औंस चांदी. चांदी आजच्या मापाने सुमारे ७३ किलो. मोजलेला माल लंडनला रवाना झाला.

मला छळतो तो न मोजलेला माल. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याच्या टोळीने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटलं, त्यावरच्या बायकांवर अत्याचार केले. त्याचे चटके आपल्या किनाऱ्यालाही बसले. सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्यांत पडले, मुंबईवर मोगली संकट आलं. एव्हरीची काही माणसं मात्र अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरून तिथेच मिसळून गेली. ऱ्होड आयलंडमध्ये जमिनीतून १६९३ सालचं येमेनी नाणं निघालं आहे. जमिनीत राहिलं म्हणून ते येमेनी म्हणून ओळखता आलं. जी नाणी बाजारात खर्चली गेली, त्यांतली मुशीत गेलेली पुढे काय झाली असतील? पेला झाला, त्यावर एखाद्या नवपरिणीत जोडप्याची तीन अक्षरं आली, आणि तिथून त्याची वंशावळ सुरू झाली. सोनाराने ठसा मारण्याआधीचं काहीच उरलं नाही. स्पॅनिश नाण्यांची चांदी जिथून आली त्या पोतोसीच्या खाणीत वेठीला राबलेल्यांचं तर नावच नको.

म्हणून संग्रहालयातल्या टँकार्डखाली पाच पिढ्यांची मालकी लिहिलेली वाचली की मला ती अर्धवट वाटते. ती पुढच्या बाजूला पूर्ण असते, मागच्या बाजूला मुशीपाशी थांबते. मागच्या बाजूचे कागद अजिबात नाहीत असंही नाही. किडने जानेवारी १६९८ मध्ये पकडलेलं ‘क्वेडा मर्चंट’ हे जहाज बंगालहून सुरतेकडे चाललं होतं, आणि ते भाड्याने घेतलं होतं आर्मेनियन व्यापाऱ्यांनी. ही घराणी इराणातल्या नव्या जुल्फाची. त्यांची पत्रं आणि हिशेब आजही तिथे आहेत. भाऊ, मेहुणे, भागीदार यांच्या भरवशावर सुरतेपासून युरोपपर्यंत पसरलेला त्यांचा व्यापार बॉस्टनच्या सोयरिकीपेक्षा कमी गुंतागुंतीचा नव्हता. अमेरिकन घराण्यांवर जेवढे कष्ट घेतले गेले, त्यातले थोडे इकडे वळले तर न्याय होईल.

त्या व्यापाऱ्यांपैकी कोजी बाबा आपल्या मालाची दाद मागायला थेट लंडनला पोचला होता; त्याने पार्लमेंटपुढे अर्ज केला. २३ मे १७०१ रोजी किडला फाशी झाली. त्याच्या जप्त मालाचे ६४७१ पौंड आले, आणि राणी ॲनने ते ग्रीनिचच्या निवृत्त खलाशांच्या आश्रमाला देऊन टाकले.