पगार, ऊस आणि साठी

एकाच गल्लीतली दोन घरं बघा. एका घरात एक तारखेला पगार होतो. दुसऱ्या घरी आडसाली ऊस. लागणीपासून तोडीपर्यंत जवळपास दीड वर्ष, आणि त्यानंतर कारखान्याचं बिल. पहिल्याला दरमहा आवर्ती ठेव जमते. दुसऱ्याला तोच सल्ला देणं मला अन्यायाचं वाटतं. बिल हाती येताच पुढच्या हंगामापर्यंतचा घरखर्च, खतं, मुलांची फी वेगळी काढणं, हेच त्याचं नियोजन.

वयाचंही तसंच. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. पैसे १५ वर्षं भरायचे, मुदत २१ वर्षांची. तिथं वेळ आपल्या बाजूनं असतो. साठीनंतर मात्र थांबायला सवड कमी. तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं दर तिमाहीचं व्याज औषधपाण्याला कामी येतं.

आणि कमावतं माणूस अचानक गेलं तर? विमा किती, नॉमिनी कोण, कर्ज कुणाचं, हे कित्येक घरांत बायकोला ठाऊकच नसतं. याची मला फार काळजी वाटते. आज संध्याकाळी पासबुकं आणि विम्याचे कागद बाहेर काढा, दोघांनी मिळून वाचा.