संगीत आवडते, पण संगीताचे महाविद्यालय मानवेल का?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय सुरू होतो : आता पुढे काय? वाणिज्य, अभियांत्रिकी, नर्सिंग या वाटा आपल्या ओळखीच्या झाल्या आहेत. पण एखादी मुलगी म्हणाली, "मला संगीतात पदवी घ्यायची आहे," तर घर क्षणभर गप्प होते. मग बाबा विचारतात, "त्यावर पोट भरेल का?" आई म्हणते, "देवाने एवढा आवाज दिलाय, तो वाया का घालवायचा?" दोघांचे बोलणे मायेचेच असते. परंतु त्यात तिसरा प्रश्न मागे राहतो : जे शिक्षण ती घेऊ पाहते आहे, ते तिला मानवणारे आहे का?

हा प्रश्न आम्हाला नुसता व्यवहाराचा वाटत नाही. तरुण आयुष्याची काही वर्षे, घरची पुंजी आणि एकमेकांशी खरे बोलण्याची आपली तयारी असे सारे त्यात पणाला लागलेले असते. म्हणून तो नीतीचाही प्रश्न आहे.

संस्था चांगली असणे आणि ती आपल्या मुलाला योग्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी गाणे शिकायचे तर उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे. ही विद्या सर्वांसाठी खुली व्हावी म्हणून महाराष्ट्रातल्याच दोघांनी आयुष्य वेचले. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या चिजा जमवल्या, त्या स्वरलिपीत छापल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. पलुस्करांचा भर शिष्य घडवून गाणे गावोगावी नेण्यावर, तर भातखंड्यांचा शास्त्र आणि ग्रंथ यांवर. दोघेही थोर. तरी एकच विद्यार्थी दोन्हीकडे सारखाच रमला असता, असे आपण म्हणू शकत नाही.

आज तर वाटा आणखी वाढल्या आहेत. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धत आणि विद्यापीठाची पदवी यांची सांगड घातलेली आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या सात परीक्षा दुसरे शिक्षण किंवा नोकरी सांभाळूनही देता येतात. पियानो किंवा व्हायोलिन शिकणाऱ्यांना लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ श्रेणींच्या परीक्षा मुंबईत राहून देता येतात. म्हणजे महाविद्यालयात नाव घातले नाही तर संगीत संपले, असे मुळीच नाही.

आपल्या धर्मग्रामांतील मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. आपली पुष्कळ मुले गायनवृंदात वाढतात. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज एकमेकांत मिसळून गाण्याची त्यांना सवय असते. काहींना पाच रेघांवरची स्वरलिपी वाचता येते. अशी मुलगी हिंदुस्थानी संगीताच्या विभागात गेली तर तिथे तानपुरा असतो, एकटा आवाज असतो आणि महिनोन्महिने एकच राग असतो. तिच्या मनात मात्र गाण्यांची वाद्यरचना किंवा ध्वनिमुद्रण असेल, तर ती हिरमुसते. यात दोष ना तिचा, ना त्या विभागाचा. कदाचित तो राग तिला असा काही लळा लावील की ती मागचे सारे विसरेल. पण तिथे काय शिकवतात, हे आधी ठाऊक असायला हवे.

म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नये. एखाद्या साध्या मंगळवारी परवानगी घेऊन वर्गात जाऊन बसावे. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे गाणे ऐकावे. गुरूंसमोर एकट्याने बसायला आठवड्यातून किती वेळ मिळतो, रियाजाला खोली मिळते का, शिकून गेलेली मुले आज काय करतात, हे संकोच न करता विचारावे. आणि मुलीला घरी शांतपणे विचारावे : "समोर कुणी ऐकायला नसेल, तरी तू रोज पहाटे हेच करशील का?" टाळ्यांची ओढ आणि स्वरांची ओढ तरुण वयात सारखीच दिसते. रियाज दोघींना वेगळे करतो.

कुणी म्हणेल, सतराव्या-अठराव्या वर्षी हे कुणाला कळते? खरे आहे. पूर्ण खात्री कुणालाच नसते, आणि माणूस काही अंशी जिथे टिकतो तिथलाच होतो. पहिल्या वर्षी जड गेले म्हणजे निवड चुकली, असा अर्थ लगेच काढू नये. मात्र दोन प्रकारची थकवणूक असते. एकीत माणूस दमतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तंबोरा जुळवायला बसतो. दुसरीत त्याला त्या वास्तूत पाऊलच ठेवावेसे वाटत नाही. हा फरक मुलाने आपल्याशी प्रामाणिकपणे बोलावा आणि आपण तो रागावल्याविना ऐकावा.

अशा वेळी आपल्याकडे, मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला हमखास दिला जातो. तो जरूर द्यावा, पण जपून. दान वापरणे वेगळे आणि दानावर उपजीविका करणे वेगळे. बँकेत नोकरी करून रविवारी गायनवृंदाला शिकवणाऱ्या शिक्षिकेने आपले दान पुरले, असे कोण म्हणेल? आणि संगीतावरच जगायचे ठरवून, शिकवण्या करीत, काटकसरीने राहणाऱ्याने ते उधळले, असे तरी का म्हणावे? तानसेन थोडेच होतात. पण चांगले कानसेन आणि चांगले शिक्षक नसतील तर तानसेन कुणासमोर गाणार?

पालकहो, मुलाला भीती घालून संगीतापासून वळवू नका आणि केवळ कौतुकाच्या भरात त्यात ढकलूही नका. आपल्यापैकी ज्यांना गाणे कळते, त्यांच्यावरही जबाबदारी आहे. सणाच्या दिवशी "काय सुंदर गातेस" म्हणणे सोपे असते. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तासभर तिच्याजवळ बसून, तिचा स्वर कुठे पक्का आहे, कुठे कच्चा आहे, हे प्रेमाने सांगायला अधिक माया लागते. या जून महिन्यात आपल्या आळीत अशी एखादी मुलगी वा मुलगा असेल, तर तो तासभर आपण त्याला द्यावा.