खरेदीचं बटण आणि तक्रारीची खिडकी

सामान्य माणूस क्रिप्टोचलन वापरत नाही, कारण ते विकत घेणं आणि खर्च करणं किचकट आहे. ते सोपं करा, माणसं आपोआप येतील, असं या चलनाचे समर्थक गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. या दाव्याची कसोटी एका देशाने घेतली. 7 सप्टेंबर 2021 रोजी एल साल्वाडोरने डॉलरच्या जोडीला बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा दिला. असं करणारा तो जगातला पहिला देश होता, आणि तिथे सोपं करण्याचं काम खुद्द सरकारने अंगावर घेतलं.

सरकारने ‘चिव्हो’ नावाचं अ‍ॅप आणलं. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक नागरिकाच्या खात्यात 30 डॉलरचं बिटकॉइन फुकट जमा केलं. बिटकॉइनचे लगेच डॉलर करून घ्यायला शुल्क नाही, नफ्यावर कर नाही. बिटकॉइनचे डॉलर करून देणारी यंत्रं देशभर उभी राहिली. बिटकॉइनच्या बदल्यात डॉलर देता यावेत म्हणून 15 कोटी डॉलरचा निधी बाजूला काढला गेला. वर बिटकॉइन कायद्याच्या सातव्या कलमाने दुकानदारांना बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती केली. एखाद्या खासगी कंपनीला यातलं निम्मंही कधी जमलं नसतं.

पुढे काय झालं, याचा शोध फर्नांडो अल्वारेझ, डेव्हिड आर्जेन्टे आणि डायना व्हॅन पॅटन या अर्थशास्त्रज्ञांनी घेतला. 2022 च्या सुरुवातीला त्यांनी सुमारे 1800 कुटुंबांची प्रत्यक्ष भेटून पाहणी केली. निम्म्याहून जास्त प्रौढांनी अ‍ॅप उतरवून घेतलं होतं. पण त्यातल्या बहुसंख्यांनी 30 डॉलर संपल्यावर ते पुन्हा वापरलं नाही. बिटकॉइन घेणारे व्यवसाय पाचात एक. बँकेत खातं नसलेल्या गरिबांना अर्थव्यवस्थेत आणायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला होता; टिकून राहिलेले वापरकर्ते मात्र बहुतांशी तरुण, शिकलेले, आधीच बँकेत खातं असलेले पुरुष होते. लोकांनी न वापरण्याची कारणं साधी सांगितली: समजत नाही, विश्वास नाही, आणि हातातले डॉलर बरे.

यातलं तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते समजून घ्यायला एखाद्या पुपुसा विकणाऱ्या बाईच्या टपरीपर्यंत जायला हवं. पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठात चीज किंवा घेवड्याचं सारण भरून तव्यावर भाजलेली जाड पोळी. तिथलं रोजचं खाणं. गिऱ्हाइकाने फोन पुढे केला, क्यूआर कोड टिपला, पैसे काही सेकंदांत आले. इथवर सगळं सुरळीत. पण उद्या सकाळी या बाईला पीठ, चीज आणि गॅस घ्यायचा आहे आणि त्यांचे भाव डॉलरमध्ये आहेत. मिळालेलं बिटकॉइन तसंच ठेवलं तर तिच्या भांडवलाचं काय होणार? नोव्हेंबर 2021 मध्ये एका बिटकॉइनची किंमत 69 हजार डॉलरच्या आसपास पोचली होती. वर्षभराने ती 16 हजारांवर आली. एवढी घसरण सोसण्याची ऐपत तिच्या गल्ल्यात नाही. म्हणून ती लगेच डॉलर करून घेणार. मग गिऱ्हाइकाने सरळ डॉलरच का देऊ नयेत? शिवाय भाव वाढणार असं ज्या गिऱ्हाइकाला वाटतं, तो बिटकॉइन खर्च करत नाही, राखून ठेवतो. वाढेल म्हणून देणारा देत नाही, पडेल म्हणून घेणारा ठेवत नाही. अ‍ॅप कितीही सुटसुटीत केलं तरी ही कोंडी फुटत नाही.

क्रिप्टो खर्च करण्यासाठी निघालेली कार्डंही हीच कोंडी झाकून ठेवतात. दुकानदाराला त्याचं नेहमीचं चलनच मिळतं. ग्राहक मात्र बिल देताना प्रत्यक्षात आपली मालमत्ता विकत असतो. आपला प्राप्तिकर कायदाही या व्यवहाराकडे विक्री म्हणूनच पाहतो. 2022 पासून अशा हस्तांतरातल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, तोटा मात्र कशातूनही वजा करता येत नाही, आणि ठरावीक मर्यादेपुढे 1 टक्का रक्कम आधीच कापली जाते. किराणा भरताना दर वेळी हा हिशेब कोण मांडणार?

एल साल्वाडोरच्या चिव्होची गोष्ट मात्र लोकांनी ते न वापरण्यावरच संपत नाही. नोंदणी इतकी चटकन होत होती की ओळखपत्राचा तपशील हाती लागलेला कुणीही दुसऱ्याच्या नावाने खातं उघडू शकला. अनेकांनी पहिल्यांदा अ‍ॅप उघडलं, तेव्हा आपल्या नावाचं खातं आधीच कुणीतरी उघडून 30 डॉलर नेल्याचं त्यांना कळलं. क्रिस्तोसाल या मानवाधिकार संस्थेकडे अशा शेकडो तक्रारी आल्या.

अमेरिकेतला अनुभव याहून बोलका आहे. तिथे किराणा दुकानांत आणि पेट्रोल पंपांवर बिटकॉइनची यंत्रं आहेत: नोटा घाला, क्यूआर कोड दाखवा, झालं. रोजच्या ग्राहकासाठी याहून सोपी खरेदी मिळणं अवघड. ठकसेनांनी नेमका याचाच फायदा उठवला. फोन येतो, तुमचं बँक खातं धोक्यात आहे, पैसे काढा, अमुक यंत्रात भरा, हा कोड दाखवा. फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार 2023 मध्ये या यंत्रांवाटे लोकांची 11 कोटी डॉलरहून जास्त फसवणूक झाली, आणि साठीच्या पुढची माणसं त्यात सर्वाधिक भरडली गेली. यावर कॅलिफोर्नियाने 2024 पासून एका ग्राहकाला एका यंत्रचालकाकडे दिवसाला 1000 डॉलरची मर्यादा घातली. सोपेपणामुळे माणसं लुटली जात होती, म्हणून तिथल्या कायद्याला मुद्दाम अडथळा परत आणावा लागला. मला हा निर्णय योग्य वाटतो. घाबरलेल्या माणसाला थांबून मुलीला किंवा शेजाऱ्याला फोन करायला अवसर मिळणं ही त्याच्या रक्षणाचीच सोय आहे.

कारण बिटकॉइनची रचनाच अशी आहे की गेलेले पैसे परत बोलावता येत नाहीत. व्यवहाराची नोंद एकदा ब्लॉकचेन नावाच्या नोंदींच्या साखळीत झाली की पक्की. स्वतःचं डिजिटल पाकीट स्वतः सांभाळणाऱ्याला बारा किंवा चोवीस शब्दांची एक यादी मिळते. ती हरवली तर पैसे गेले, दुसऱ्याने पाहिली तरीही गेले. ही रचना ज्यांनी केली, त्यांना मधला कुणीही नको होता, आणि त्यामागचा विचार प्रामाणिक होता. पण मधला माणूस काढून टाकला की तक्रार ऐकणाराही निघून जातो.

आपल्याकडे या चर्चेत यूपीआयचं उदाहरण हमखास दिलं जातं. 2016 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेने ऑगस्ट 2023 मध्ये महिन्याला 1000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. मंडईतली भाजीवाली छोट्या स्पीकरवर रक्कम ऐकू आल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. ती सोपी आहे हे खरंच. पण भाजीवालीला ऐकू येते ती रक्कम रुपयांत असते, तिच्या बँकेतल्या खात्यात जमा होते, आणि तिथे चूक झाली तर बँक, तिच्यावर रिझर्व्ह बँक आणि तिचा लोकपाल अशा दाद मागण्याच्या पायऱ्या आहेत. यूपीआयवरही लोक फसतात, गेलेले सगळे पैसे परत मिळत नाहीत. तरी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर वेळेत फोन गेला तर रक्कम ज्या खात्यात गेली ते गोठवता येतं, कारण ते खातं कुठल्यातरी बँकेत, कुणाच्यातरी नावावर असतं.

उलट बाजूलाही वजन आहे, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. अर्जेंटिनात 2023 मध्ये महागाई 200 टक्क्यांच्या वर गेली. तिथल्या कित्येकांनी डॉलरशी किंमत बांधलेली क्रिप्टोनाणी घेऊन आपली बचत वाचवण्याचा प्रयत्न केला. नायजेरियात फेब्रुवारी 2021 मध्ये मध्यवर्ती बँकेने क्रिप्टो व्यवहारांची खाती बंद करायला सांगितली, तर लोक एकमेकांशी थेट व्यवहार करू लागले. तिथे त्यांच्यासाठी कुणी काही सोपं केलं नव्हतं. उलट वाट अडवली होती. हातातलं चलन वितळत असताना माणूस अवघड वाटही चालतो. एल साल्वाडोरमध्ये 2001 पासून व्यवहार डॉलरमध्येच होत होते, त्यामुळे ती निकड नव्हती. अखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी 140 कोटी डॉलरच्या कर्जाची बोलणी झाल्यावर जानेवारी 2025 मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलला आणि दुकानदारांवरची सक्ती काढून टाकली.

भारतात आज क्रिप्टो विकत घेणं पुरेसं सोपं आहे: फोन, पॅन, आधार आणि काही मिनिटं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या मुंबईत सुरू झालेल्या बाजारमंचावरून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. खातेदारांना आपली नाणी बाहेर काढता येईनात, आणि हे वर्षाहून अधिक काळ चाललं. तोडग्याची प्रक्रिया चालली सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत असे मंच येत नाहीत. कर मात्र 2022 पासून घेतला जात होता. तो लावतानाच ग्राहकांची नाणी कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याची सक्ती, चोरी झाल्यास भरपाईचा निधी आणि तक्रार ऐकून निवाडा देणारं कार्यालय या गोष्टी कायद्यात आल्या असत्या, तर त्या खातेदारांना दाद मागायला निदान एक जागा देशात असती.