आधी सवय, मग मत

शहरात मोटारींना आवर घालायचा विषय निघाला की सभागृहात एक वाक्य हमखास येतं : "लोकांना हे नको आहे." पुण्यात २०१८ साली रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावायचं धोरण आलं, तेव्हाही हेच ऐकू आलं. अखेर मंजुरी मिळाली ती पाच रस्त्यांपुरती, प्रयोग म्हणून. लोकमताचा हा वापर मला गैर वाटतो. दारातून गाडी काढून थेट दुकानासमोर लावणाऱ्याला गाडीविना बाजार कसा वाटेल असं विचारलं, तर तो आपल्या सवयीतूनच उत्तर देणार.

गर्दीच्या रस्त्याला किंमत असावी, हा विचार अर्थतज्ज्ञ पिगूपासूनचा. अर्थतज्ज्ञ विक्री यांनी तो १९५०च्या दशकात आकारणीच्या तपशिलापर्यंत नेला, सिंगापूरने १९७५ साली अमलात आणला, लंडनने २००३ साली. त्यानंतरच्या स्टॉकहोमबद्दल मात्र सगळे चुकीचं बोलतात.

सांगितलं जातं ते असं : स्टॉकहोमने आधी बससेवा वाढवली, फायदे समजावले, लोक राजी झाले. घडलं ते वेगळंच. जादा बस ऑगस्ट २००५ मध्येच धावू लागल्या होत्या; तेवढ्याने मोटारी जाणवण्याइतक्या कमी झाल्या नाहीत. ३ जानेवारी २००६ला प्रयोग म्हणून मोटारींवर गर्दीचं शुल्क सुरू झालं आणि शहराच्या वेशीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने उतरली. तेव्हा बहुसंख्य लोक विरोधातच होते. ३१ जुलैपर्यंत प्रयोग चालला. सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं आणि शहराने निसटत्या बहुमताने होकार दिला. आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी आपापलं मतदान घेतलं, तिथे एकूण कौल नकाराचा होता. तिथल्यांना शुल्क पडणार होतं, मोकळे झालेले रस्ते मात्र शहरवासीयांच्या दारात होते.

या बदलाचा अभ्यास करणारे योनास एलियासन यांचं एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचं वाटतं. ज्यांच्या मोटारी रस्त्यावरून नाहीशा झाल्या, त्यांतल्या बहुतेकांना आपण काही बदललंय याची जाणीवच नव्हती. आपलं मत पालटलंय हेही अनेकांच्या गावी नव्हतं. आपण पहिल्यापासून बाजूनेच होतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. कुणी कुणाला पटवलेलं नव्हतं. एक फेरी टळली, दुसरी बसने झाली, दोन कामं एका खेपेत उरकली आणि नव्या दिनक्रमाला साजेसं मत मागाहून तयार झालं. याउलट एडिनबरोने स्टॉकहोमच्या सार्वमताच्या आदल्या वर्षी, काहीही न अनुभवता, अशाच शुल्कावर मतदान घेतलं. जवळपास तीन चतुर्थांश मतदारांनी नाही म्हटलं.

म्हणूनच पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त वाहनांना बंद करून लोकांच्या प्रतिक्रिया गोळा करणं मला अपुरं वाटतं. त्या दिवशी गाडीवाला नारायण पेठेच्या बोळांतून जागा शोधत फिरतो, वैतागतो आणि घरी जातो. एका दिवसात फक्त गैरसोय अनुभवाला येते. सवय मोडायला महिने लागतात. स्टॉकहोमने जवळपास सात महिने दिले. पुण्यातही तो टप्पा तेवढाच काळ बंद ठेवावा, मगच मत विचारावं. आणि ते विचारताना महापालिका भवनाच्या थांब्यावर पीएमपी बसची वाट पाहत उभ्या असलेल्यांनाही विचारावं.