वारशाआधीचे कर्ज

जुलमी सत्तेने बांधलेली वास्तू सांभाळावी की पाडून टाकावी? युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न आजही उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने नॉर्वेपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत बंकर, तोफखाने आणि रणगाडे अडवणाऱ्या भिंती बांधल्या. या साखळीला 'अटलांटिक भिंत' म्हणतात. तिच्यातली अनेक ठिकाणे आता कायद्याने संरक्षित आहेत. नॉर्मंडीतील लाँग-स्यूर-मेर येथील तोफखान्याला फ्रान्सने २००१ साली ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. तिथल्या तोफा अजून जागेवर आहेत.

काहींना हे पटत नाही. संरक्षण म्हणजे सन्मान, आणि जालिमाच्या कामाचा सन्मान कशाला, असे ते विचारतात. नकोसा इतिहास सांगणारी वास्तू पाडण्याची भाषा आपल्याकडेही ऐकू येते. पण पाडल्याने इतिहास बदलत नाही. फक्त त्याचा साक्षीदार नाहीसा होतो. जमिनीवर फिरून पूर्वीच्या जुलमी लोकांचा शेवट काय झाला ते पाहा, असे कुरआन सांगतो, ते इबरत घेण्यासाठी. म्हणून या वास्तू राहिल्या पाहिजेत, असेच मला वाटते.

मात्र नुसती उभी भिंत इबरत देत नाही. पाहुणा तोफेची नळी पाहतो, काँक्रीटच्या जाडीचे कौतुक करतो आणि पुढे जातो. ते काँक्रीट कुणी ओतले?

इंग्लिश खाडीतील आल्डर्नी हे बेट पाहा. जून १९४० मध्ये जवळजवळ सगळे रहिवासी बेट सोडून गेले. मग जर्मनांनी तिथे तटबंदीसाठी हजारो मजूर आणले. त्यांत सोव्हिएत युद्धकैदी व नागरिक होते, स्पेनचे प्रजासत्ताकवादी होते, फ्रान्सचे ज्यू होते. १९४३ मध्ये तिथली 'सिल्ट' छावणी एसएसच्या ताब्यात गेली. उपासमार, मारहाण आणि अतिश्रम यांनी माणसे मेली. युद्धानंतर ब्रिटनने हे प्रकरण सोव्हिएत संघाकडे सोपवले. स्वतः कुणावर खटला भरला नाही. १९६१ साली मजुरांच्या कबरी उकरून अवशेष फ्रान्सला नेण्यात आले. लाँगी उपसागराची रणगाडाविरोधी भिंत मात्र जागची हलली नाही. मृतांचा आकडा ब्रिटनने नेमलेल्या तज्ज्ञांनी मांडला तो मे २०२४ मध्ये: साडेसात हजारांहून अधिक मजुरांपैकी ६४१ ते १,०२७. म्हणजे युद्ध संपल्यानंतर एकोणऐंशी वर्षांनी!

'वारसा' हा शब्द मराठीत अरबीतून आला. शरीअतमध्ये वारसाहक्काचा एक क्रम आहे. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याचे कर्ज, मग वसीयत, आणि उरेल ते वारसांना. कर्ज बाकी ठेवून वाटणी करता येत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. किनाऱ्यावरची ती तटबंदी म्हणजे न दिलेली मजुरीच आहे.

मग वारसा जपणाऱ्यांनी हाच क्रम का पाळू नये? आधी मृतांच्या कबरींची निगा. मग त्यांची मोजणी, त्यांची नावे आणि अपराध्यांची नोंद. त्यानंतर पर्यटन, तिकीट आणि अभिमान. आल्डर्नीत एका कुटुंबाने मृतांच्या भाषांमधील फलक लावून स्मारक उभारले आहे. २०१७ मध्ये सिल्ट छावणीच्या जागेलाही संरक्षण मिळाले. तिच्या प्रवेशद्वाराचे खांब अजून उभे आहेत. तिथे तोफ नाही, पाहण्यासारखे फारसे काही नाही. तरीही तोफखान्याआधी लोकांनी त्या खांबांपाशी जावे. देणे कुणाचे बाकी आहे, ते तिथे कळते.